शाळेत मूल खरोखर आनंदी आहे का, हे मोजायचे कसे?

प्रश्न: हिंगणा मार्गावरील एक शिक्षिका

नमस्कार. मी नागपूर शहराला लागून असलेल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथी आणि पाचवीच्या वर्गांना शिकवते. शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, तेव्हापासून आमच्याकडेही शनिवारी गोष्टी, खेळ, हस्तकला आणि थोडी योगासने असा तासांचा क्रम असतो. या उपक्रमामुळे मुलांना शाळा अधिक आवडू लागली आहे का, हे पाहावे असे या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवले. बी.एड.ला असताना मी मानसशास्त्रीय चाचण्यांचा एक पेपर घेतला होता, एवढ्याच पुण्याईवर ते काम माझ्याकडे आले.

मी दहा प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. ‘तुला शाळा आवडते का?’, ‘शिक्षक प्रेमाने वागतात का?’ अशा स्वरूपाचे प्रश्न होते आणि उत्तरासाठी ‘हो’ व ‘नाही’ असे दोन चौकोन. वर नाव आणि हजेरी क्रमांक लिहायला सांगितला, आणि मुले खुणा करीत असताना मी सवयीने रांगांमधून फिरत होते. ४३ पैकी ४१ मुलांनी दहाही ठिकाणी ‘हो’ लिहिले. त्यांपैकी एकाने शिक्षकांविषयीच्या प्रश्नाला आधी ‘नाही’वर खूण केली होती, नंतर ती खोडरबराने पुसून ‘हो’वर केली होती. त्या जागी कागद काळवंडून फाटायच्या बेतात आला होता. मुख्याध्यापकांनी निकाल पाहून समाधान व्यक्त केले आणि तो फलकावर लावावा असे सुचवले. मी अजून लावलेला नाही, कारण याच वर्गात दर सोमवारी सात-आठ बाके रिकामी असतात.

माझ्या शंका अशा आहेत. या वयाच्या मुलांचे शाळेतील चांगले अनुभव मोजणारी एखादी प्रमाणित प्रश्नावली आहे का? ती इंग्रजीत असेल, तर मी स्वतः मराठीत आणू शकते का? आणि मिळालेले आकडे वर्गावर्गांची तुलना करण्यासाठी वापरावेत का?

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, धंतोली

मॅडम, फलकावर निकाल लावला नाहीत हे उत्तम केलेत. तुमच्या पत्रिकेने शाळेची आवड मोजलेली नाही. बाई समोर उभ्या असताना मूल काय लिहिते, एवढेच तिने मोजले आहे.

तुम्हाला जे हवे आहे त्याच्या बरीच जवळ जाणारी एक मापनश्रेणी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मायकेल फरलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘पॉझिटिव्ह एक्स्पीरियन्सेस ॲट स्कूल स्केल’ या नावाने ती प्रसिद्ध केली. चौथी ते सहावीच्या मुलांसाठी ती बनवलेली आहे, म्हणजे वय तुमच्या वर्गांशी जुळते. तिच्यात १६ विधाने आहेत आणि ती चार घटकांत प्रत्येकी चार अशी विभागलेली आहेत: कृतज्ञता, हुरूप, आशावाद आणि चिकाटी. मुलाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे नसते, तर ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘खूप वेळा’पर्यंत चार पायऱ्यांपैकी एक निवडायची असते. त्यामुळे एकूण गुण १६ ते ६४ यांच्या दरम्यान येतात. पुढे हीच श्रेणी त्यांच्या सामाजिक-भावनिक आरोग्याच्या सर्वेक्षणाची प्राथमिक आवृत्ती म्हणून वाढवण्यात आली.

तिच्यामागचा विचार मला श्रेणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. एका माणसात दोन-तीन आजार एकत्र नांदतात तेव्हा वैद्यक त्याला सहविकृती म्हणते. फरलाँग यांच्या गटाने त्याच्या उलट बाजूने पाहिले. कृतज्ञता, हुरूप, आशा आणि चिकाटी ही बळेही मुलात एकमेकांना धरून वाढतात, आणि त्यांची एकत्रित बेरीज त्या मुलाच्या शालेय जीवनाबद्दल सुट्या घटकांपेक्षा अधिक सांगते, असे त्यांचे म्हणणे आहे. इंग्रजीत त्यांनी यासाठी ‘कोव्हायटॅलिटी’ असा शब्द वापरला. मराठीत ‘सहऊर्जा’ म्हणता येईल, पण तुमच्या अहवालात तो शब्द घालू नका, कोणी वाचणार नाही.

यावर कोणीतरी विचारीलच की, मुलाला ताण नाही, भीती नाही, हे तपासले की पुरे, मग आनंद वेगळा कशाला मोजायचा? त्याचे उत्तर २००८ मध्ये सुल्डो आणि शॅफर या संशोधकांनी अमेरिकेतील माध्यमिक वयोगटातील ३४९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दिले. त्रासाची लक्षणे एका बाजूला आणि जीवनाबद्दलचे समाधान दुसऱ्या बाजूला असे मोजल्यावर त्यांना एक असा गट आढळला की, ज्याला कोणताही त्रास दिसत नव्हता, पण समाधानही नव्हते. हा गट १३ टक्के होता. आपल्या शिक्षकखोलीतील भाषेत सांगायचे तर ही ‘काही तक्रार नसलेली’ मुले, ज्यांची पालकसभेत कोणी चर्चा करीत नाही. त्यांची अभ्यासातील कामगिरी समाधानी मुलांपेक्षा कमी होती.

आपल्याकडचे चित्रही याच दिशेचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी ७३ टक्के विद्यार्थी शालेय जीवनाबद्दल समाधानी होते, आणि त्याच सर्वेक्षणात ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. म्हणून ताण मोजून समाधानाचा अंदाज बांधता येत नाही, आणि समाधान मोजून ताणाचाही नाही.

भाषांतराबद्दल: करा, पण एकट्याने करू नका, आणि मूळ लेखकांची परवानगी आधी घ्या. एकाने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि जिथे दोन इंग्रजी वाक्ये जुळत नाहीत तिथे बसून भांडावे. या उलट भाषांतराच्या पद्धतीने अर्थ सांभाळला जातो. मात्र ते वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला कळते का, हे तिच्यातून समजत नाही. त्यासाठी मुलाकडेच जावे लागते.

उत्तर २: मनपा शाळेतील शिक्षिका, उत्तर नागपूर

सरांच्या शेवटच्या वाक्यावर मी काही भर घालू इच्छिते, कारण दोन वर्षांपूर्वी एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी अशाच प्रकारची विधाने मराठीत आणली होती आणि त्या वेळी माझी चांगलीच फजिती झाली होती.

‘कृतज्ञता’ हा शब्द मुलांना कळणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून मी ‘मी माझ्या शाळेचा आभारी आहे’ असे सोपे केले. पाचवीतल्या एका मुलाने ते मोठ्याने वाचले आणि गंभीरपणे विचारले, “आभार तर कार्यक्रम संपल्यावर मानतात ना, मॅडम?” त्याचे अगदी बरोबर होते. आपल्या शाळेत ‘आभार’ हा शब्द मूल फक्त सूत्रसंचालकाच्या तोंडून ऐकते. घरात आई जेवायला वाढते तेव्हा आपण कोणी तिचे आभार मानत नाही, आणि मानले तर ती रागावेल. मग मी ‘मी नशीबवान आहे’ असे केले, तेव्हा एका मुलीने नशीबवान म्हणजे ज्याला लॉटरी लागते तो, असे सांगितले. अखेर ‘या शाळेत यायला मिळते, हे मला फार बरे वाटते’ हे वाक्य सगळ्या मुलांना न अडता कळले. ते मूळ शब्दाचे भाषांतर नाही, पण मूळ भावनेचे आहे असे मला वाटते. प्राध्यापक सरांचे मत वेगळे असू शकेल.

हुरुपाच्या विधानात तर मुलांनीच मला वाक्य दिले. ‘सकाळी उठल्यावर शाळेत जाण्याचा उत्साह असतो’ या वाक्यावर सगळी गप्प. मी विचारले, ‘शाळेत जायची खूप इच्छा झाली, तर तुम्ही काय म्हणता?’ एकजण म्हणाला, “कधी शाळेत जातो अन् कधी नाही, असं होऊन राहिलं.” दुसरा म्हणाला, “आज मजा येऊन राहिली.” माझ्या मार्गदर्शकांना ‘होऊन राहिलं’ प्रश्नावलीत चालणार नव्हते, म्हणून छापताना ‘कधी एकदा शाळेत जातो असे होते’ असे केले. वर्गात वाचून दाखवताना मात्र मी मुलांचेच वाक्य वापरले.

सर्वांत मोठी अडचण उत्तरांच्या पायऱ्यांची होती. इंग्रजीतील तिसरी आणि चौथी पायरी मी ‘बऱ्याचदा’ आणि ‘खूप वेळा’ अशी लिहिली होती, आणि मुलांच्या दृष्टीने हे दोन्ही शब्द एकच होते. त्यांनी अक्षर बघून खुणा केल्या, ज्याला जो शब्द लिहायला सोपा वाटला तो. मग मी फळ्यावर चार पेले काढले: तळाशी थेंबभर पाणी असलेला, पाव भरलेला, अर्ध्याच्या वर भरलेला आणि काठोकाठ भरलेला. विधान वाचायचे आणि आपला पेला निवडायचा. आधी सराव म्हणून ‘मी डब्यात पोळी-भाजी आणतो’ आणि ‘मी हत्तीवर बसून शाळेत येतो’ अशी दोन विधाने दिली. हत्तीच्या विधानावर काठोकाठ पेला निवडणारा जो निघतो, त्याला खेळ कळलेला नाही हे तिथेच समजते. आमच्याकडे तिघे निघाले. त्यांपैकी एकाला खेळ चांगला कळला होता, तो फक्त वात्रट होता.

दिवसांचाही विचार करा. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही मुलाला विचारा, सगळे जग छान असते. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात उलट. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते आणि अकरा वाजताच वर्ग तापलेला असतो, तेव्हा मूल कशाला वैतागले आहे, शाळेला की उन्हाला, हे सांगता येणार नाही. मी ऑगस्टच्या सुरुवातीचा एक साधा बुधवार निवडला होता.

उत्तर ३: एक पालक, महाल

सर्वांचे वाचले. मी शिक्षक नाही, माझी मुलगी चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. थोडे कडू बोलतो, राग नसावा.

माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. कारण पाणी प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागते, आणि तिथे कडी नाही. हे मला तिने सांगायला तीन महिने लागले. सोळा विधानांपैकी कोणत्या विधानात ही कडी येईल? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भय, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असावे असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. ते पाळले जाते का हे आधी पाहा. मुलाला आशावादी आहेस का विचारायचे आणि नळाला पाणी नाही, हा प्रकार मला पटत नाही. शिवाय शिक्षकांच्या माथी आधीच इतकी माहिती भरण्याची कामे आहेत, त्यांत आणखी एक तक्ता वाढेल.

उत्तर ४: आकडेमोड

मी शिक्षणक्षेत्रातील सर्वेक्षणांच्या सांख्यिकीचे काम करतो. पालकांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही, पण तो मोजमापाच्या विरोधातील मुद्दाही नाही. ही श्रेणी मुलाच्या मनातील चार बळे मोजते, शाळेची परिस्थिती मोजत नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत, आणि ज्याला दोन्ही हव्यात त्याने दोन्ही विचाराव्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ह्युबनर यांची १९९४ मधील ४० विधानांची श्रेणी कुटुंब, मित्र, शाळा, राहण्याचा परिसर आणि स्वतःविषयीचे मत अशा पाच क्षेत्रांत समाधान विभागून विचारते. शाळेविषयीचे असमाधान इतर क्षेत्रांपासून वेगळे काढायचे असेल, तर ती रचना अधिक उपयोगी पडते. मात्र तिच्यात काही नकारार्थी विधाने आहेत आणि लहान मुले ‘मला शाळा आवडत नाही’ या वाक्यापुढे ‘कधीच नाही’ निवडताना हमखास गोंधळतात. दोन नकारांचा हिशेब आपल्यालाही पटकन जमत नाही.

आता मॅडमच्या ४१ ‘हो’बद्दल. सगळीच मुले वरच्या टोकाला बसली, तर त्या पत्रिकेने कोणालाच कोणापासून वेगळे केले नाही, आणि पुढच्या वर्षी उपक्रम कितीही यशस्वी झाला तरी वाढ दिसायला जागाच उरलेली नाही. चार पायऱ्या घेतल्याने हे काही प्रमाणात सुटते. दुसरा भाग म्हणजे गोड उत्तर देण्याची सवय. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील संशोधकांनी ८ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वास्थ्यश्रेणीत १२ मुख्य विधानांबरोबर तीन विधाने केवळ हीच सवय पकडण्यासाठी घातली आहेत. ‘मी नेहमी खरेच बोलतो’ या धर्तीची. तिन्हींवर पूर्ण गुण घेणारे मूल संत असू शकते, पण त्याचे बाकीचे गुण जरा जपून वाचावेत.

विश्वसनीयतेसाठी क्रॉनबाख यांचा १९५१ चा अल्फा गुणांक (विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, याचे ० ते १ मधील माप) सगळे काढतात, पण एक गोष्ट विसरतात: विधाने वाढली की तो आपोआप वाढतो. समजा, चार विधानांच्या एखाद्या घटकाचा अल्फा ०.७० आला. त्याच दर्जाची १६ विधाने एकत्र केली, तर सूत्राने तो सुमारे ०.९० होतो. म्हणून एकूण गुणांवर बऱ्यापैकी विसंबता येते, पण ‘या मुलाचा आशावाद कमी आहे’ असे चार विधानांवरून एका मुलाबद्दल लिहू नये.

वर्गावर्गांची तुलना करू नका, असे मी स्पष्ट सांगेन. धरून चाला की गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, ८ आहे आणि दोन वर्गांत प्रत्येकी ४३ मुले आहेत. अशा वेळी दोन्ही सरासऱ्यांत साडेतीन गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ‘अ’ तुकडी ५१ आणि ‘ब’ तुकडी ४९ असे फलकावर आले, तर ‘ब’च्या बाईंना त्याचा जाब विचारला जाईल. पुढच्या वर्षी ‘ब’ची मुले ५५ आणतील, आणि कशी आणतील हे तुम्ही आम्ही सगळे जाणतो. ज्या दिवशी हा आकडा शिक्षकाचे मूल्यमापन ठरतो, त्या दिवसापासून तो मुलाबद्दल काही सांगत नाही.

शनिवारच्या उपक्रमाचा परिणाम पाहायचा असेल, तर त्याच मुलांना जुलैत आणि पुन्हा जानेवारीत विचारा आणि प्रत्येक मुलाचा स्वतःशीच फरक काढा. त्यातही सहा महिन्यांत मूल मोठे होते, नवे मित्र मिळतात, हे सगळे मिसळलेले असेल. ते सोडवायला उपक्रम नसलेला एखादा वर्ग लागतो, जो तुमच्याकडे नाही. नावाऐवजी सांकेतिक खूण वापरा. आमच्या एका कामात प्रत्येक मुलाने पाकिटातून एक चित्र उचलले होते, कोणाला पतंग, कोणाला बैलजोडी, आणि सहा महिन्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना आपले चित्र बरोबर आठवत होते.

उत्तर ५: शालेय समुपदेशक

दोनच गोष्टी, पण त्या टाळू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती घ्यायची असते. मूल ‘नको’ म्हणाले, तर त्याला चित्र काढायला बसवावे, का म्हणून विचारू नये. दुसरे, पत्रिकेच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असा मोकळा प्रश्न ठेवलात, तर त्यात काहीही येऊ शकते. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार तो पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि मुलाला तातडीची मदत हवी असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. असा कागद कोण वाचणार, त्याच दिवशी वाचणार का, हे आधी ठरवा. गठ्ठा कपाटात ठेवून दिवाळीनंतर उघडण्याची पद्धत इथे चालणार नाही.

प्रश्नकर्तीचे पुन्हा: हिंगणा मार्गावरील एक शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार (कार्यक्रम संपायच्या आधीच). उत्तरे वाचून मी गेल्या आठवड्यात सहा मुलांबरोबर मधल्या सुटीनंतर व्हरांड्यात बसले. गुण काढायचे नव्हते, फक्त वाक्ये तपासायची होती. उत्तर नागपूरच्या मॅडमची पेल्यांची युक्ती उत्तम चालली. दोन मुलांच्या घरी हिंदी बोलतात, त्यांनाही ती लगेच कळली.

चिकाटीचे एक वाक्य मी ‘गणित चुकले तरी मी बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवतो’ असे केले होते. एका मुलीने पाव भरलेला पेला निवडला. मी कारण विचारले. ती म्हणाली, “मॅडम, मी पुन्हा सोडवायला लागते, पण तेव्हा तुम्ही फळा पुसता.” तिच्या उत्तरातून मला तिची चिकाटी किती हे अजून कळलेले नाही, माझा वेग मात्र कळला.

मुख्याध्यापकांशी बोलले. निकाल फलकावर लावायचा नाही आणि तुकड्यांची तुलना करायची नाही, एवढे त्यांनी मान्य केले. पत्रिका माझ्या वर्गात मी वाटणार नाही, तर शेजारच्या शाळेतील एक शिक्षिका येऊन वाटतील आणि मी त्यांच्या वर्गात जाईन. महालच्या दादांच्या सूचनेप्रमाणे सोळा विधानांच्या पत्रिकेला हात न लावता, पाणी, स्वच्छतागृह, मैदान आणि मार यांविषयी चार साधे प्रश्न वेगळ्या कागदावर घेणार आहे, आणि तो कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाईल. मूळ लेखकांना परवानगीसाठी पत्र पाठवले आहे.

एक अडचण शिल्लक आहे. आशावादाच्या वाक्यात ‘अडचण आली तरी पुढे सगळे ठीक होईल, असे मला वाटते’ यावर सहापैकी चार मुलांनी “हे कोणाला माहीत असते?” असा प्रश्न केला. हे वाक्य मुलांच्या तोंडी कसे येते, कोणाला सुचत असेल तर कृपया लिहावे. पुढच्या बुधवारी पुन्हा बसणार आहोत.